लिंबोणीला देवी काढल्या

१२ एप्रिल १९५७, शुक्रवार

नोकरीत होतो तेव्हा रोजनिशी सरकारसाठी लिहायची. अमुक गाव, इतकी लेकरं, इतक्या जणांना देवीची लस टोचली, इतक्या जणांची धरली. आता पेन्शनीत ती कुणी मागत नाही, तरी हाताची खोड जात नाही. शिवाय आज जे झालं ते घरात बोलून दाखवायची सोय नाही, कारण बायकोनं, सोनूबाईनं, ते काट्यांच्या कुपाटीआडून स्वतःच्या कानांनी ऐकलं.

शेतकी खात्याचा साहेब आला होता. मिसरूड नुकती फुटलेली. माझ्या लिंबोणीच्या बागेवर गेल्या पावसाळ्यात खैऱ्या रोग पडला. पानावर, काडीवर, फळावर खरखरीत तपकिरी फोड, भोवती पिवळं कडं. असली लिंबं बाजारात कुणी हातात धरत नाही. साहेबानं दोन-चार पानं उलटी केली आणि गावच्या पाच माणसांदेखत विचारलं, "तुम्ही डॉक्टर होतात म्हणे? मग झाड एवढं सडेपर्यंत झोपला होतात काय? छाटा, जाळा, मोरचूद-चुना मारा."

माणसं हसली. पुंजाराम तर पोट धरून हसला. ह्या पुंजारामच्या, त्याच्या पोरांच्या, नातवंडांच्या दंडावर मीच नश्तर चालवलं आहे. माझ्या हाताखालून गेलेलं एक लेकरू देवीनं गेलं नाही, आणि हे हसतात.

छाटा, जाळा! देवीची साथ आली तेव्हा आम्ही लेकरं जाळत होतो काय? एकदा देवी येऊन गेलेल्याला ती पुन्हा येत नाही, म्हणून तर थोडीशी आधीच टोचायची असते. झाडाला जीव नाही काय? त्याला टोचली तर?

हे लिहिताना हसू आलं, पण विचार काही डोक्यातून जात नाही.

२८ एप्रिल

करून पाहिलं. कुणाला सांगितलेलं नाही.

रोगट पानांवरचे फोड खरवडले, थोड्या पाण्यात कुटले, फडक्यातून गाळून मडक्यात धरले. लसीचा पहिला कायदा आम्हाला हैदराबादेत शिकवला होता: ऊन दाखवायचं नाही, ऊब लागू द्यायची नाही. गरम झालेली लस मेली, आणि मेलेली लस म्हणजे पाणी. म्हणून मडकं ओल्या पोत्यात गुंडाळून भिंतीच्या कडेला ठेवलं आणि विहिरीवर गेलो. परत येतो तर मडकं चुलीजवळ!

सोनूबाई म्हणाली, "पोतं वास मारून राह्यलं होतं, म्हणून उचलून ठिवलं."

"गरम झालं का?" मी असा ओरडलो की ओसरीतलं कुत्रं उठून बाहेर गेलं.

ती खाली बघून म्हणाली, "कोमट. निसतं कोमट झालं."

मडक्याच्या काठावर फेसाची सुकलेली रेघ होती. कुटलेल्या पाल्याला फेस येतोच. कोमट तर कोमट. पुन्हा तेवढे फोड खरवडायला बोटात त्राण नव्हतं. गार होऊ दिलं आणि विहिरीकडच्या सहा झाडांना कोवळ्या पानांवर आणि हिरव्या काडीवर टोचून टाकलं. हात आपोआप जुन्याच चालीनं चालला. चार टोचण्या, चौकोनात, लेकराच्या दंडावर टोचतो तशा.

मडक्यापायी बायकोवर एवढं ओरडावं का? जेवताना वाटलं, दोन शब्द बोलावेत. बोललो नाही. ती जेवली की नाही तेही पाहिलं नाही.

६ मे

एकही टोचणी धरली नाही. चारी ठिपके नुसते सुकले. ना फोड, ना खपली. लेकराचं असं झालं असतं तर मी लस फेकून देऊन दुसऱ्यांदा टोचलं असतं. बरं झालं कुणाला सांगितलं नव्हतं. साठीला टेकलेला माणूस झाडाला देवी काढतो म्हटल्यावर पुंजारामची वर्षभराची करमणूक झाली असती.

२३ जून

आज मी बागेत तीनदा गेलो, खरं वाटेना म्हणून.

पावसानं नवी पालवी आली आहे. बाकीच्या झाडांवर खैऱ्या गेल्या सालासारखाच भडकलाय. त्या सहा झाडांची पालवी मात्र चकचकीत. एखाददुसरा फोड आहे, नाही असं नाही, पण शेजारच्या झाडाशी तुलनाच नको. फांदीला फांदी लागते, एकच पाऊस, एकच वारा, आणि हे झाड रोगी, ते निरोगी.

म्हणजे टोचण्या धरल्या नाहीत तरी लस लागू झाली. झाडाची जात वेगळी, तिचा कायदाही वेगळा असेल.

पुंजारामला मुद्दाम बोलावून दाखवलं. बराच वेळ तो दाढी खाजवत उभा राहिला. मग म्हणाला, "डॉक्टर, मानलं बुवा. बिलकुल मानलं." खपली धरली नव्हती हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला काय कळणार होतं त्यातलं?

३० जून

साळूबाई आली होती. तिचा नवरा रामराव माझा जिवाचा दोस्त होता. त्याच्या मागं हिनं एकटीनं मुलगा कडूबा वाढवला आणि बांधाला लागून लिंबोणीची बाग लावली. दोन उन्हाळे डोक्यावर हंडे वाहून झाडं जगवली. यंदा पहिला बहार धरलाय. तिच्या बागेत अजून खैऱ्याचा ठिपका नाही.

"भावजी," ती म्हणाली, "तुमच्या बागंतला वारा माझ्याकडंच येतो. मला झोप न्हाई. माझ्याबी झाडायला देवी काढा. कडूबाला तुमीच काढल्या होत्या ना? बराबर धरल्या होत्या."

असं कुणी म्हटलं की माझी छाती अजून फुगते. हो म्हणालो. सोनूबाई आतून म्हणाली, "तिची झाडं चांगली हायेत, कशाला हात लावता?" मी म्हणालो, "चांगल्यालाच टोचतात, अडाणी!" साळूबाईसमोर म्हणालो.

३ जुलै

आज साळूबाईच्या साऱ्या बागेला टोचलं.

ह्या खेपेला लसीची निगा सरकारी कायद्यानं ठेवली. ताजे, रसरशीत फोड निवडले. मडकं रांजणाच्या बुडाशी ओल्या वाळूत ठेवलं आणि सोनूबाईला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच बजावलं, हात लावशील तर याद राख. लस थंडगार होती, अशी जिवंत लस नोकरीतही क्वचित मिळायची.

साळूबाई आणि कडूबा अंबडच्या बाजाराला गेले होते. एका हातात पान, एका हातात नश्तर, मडकं धरायला कुणी नाही. बांधावर बाभळीखाली सून बसली होती, नंदा. फाल्गुनात लग्न होऊन आली, जाफराबादकडची. हाक मारली तर जागची उठेना.

"म्या बाहेर बसलेली हाये, काका," ती खाली मान घालून म्हणाली. "बागंत येऊ न्हाई मी."

मला चेव आला. बत्तीस वर्षं गावोगाव हाच अडाणीपणा पाहिला. म्हणालो, "दवाखान्यात शिवाशिव पाळली असती तर तुमची निम्मी गावं देवीनं गेली असती. काही होत नाही. ये इकडं!"

ती आली. आधी बिचकत आली, मग मडकं पदराच्या सावलीत धरून झाडोझाड फिरली. पानं ओळखायला जल्दी शिकली, कोवळं पान दिसलं की म्हणायची, "काका, हे घ्या." एकदा तर हसली. बांधावरून पुंजाराम गेला, मी वाकलेला होतो म्हणून त्यानं राम राम केला नसावा.

पोरगी चांगली आहे.

१२ जुलै

धरली! लस धरली!

एकूण एक टोचणी फुगून आलीय. चार ठिपके, चौकोनात, भोवती पिवळं कडं, अगदी लेकराच्या दंडावर आठव्या दिवशी दिसतं तसं. माझ्या बागेत एकही धरली नव्हती, इथं एक चुकली नाही. निगा ठेवली की अशी धरते. साळूबाईला दाखवलं. ती टोचलेल्या फांदीला हात जोडून म्हणाली, "देवीमाय, आता माझी झाडं सांभाळ." मी आनंदानं एक अख्खं लिंबू मीठ लावून खाल्लं.

२४ जुलै

साळूबाईच्या बागेत खैऱ्या पडला.

पडला म्हणजे सगळीकडं पडला. वरच्या पालवीवर, खालच्या पालवीवर, हिरव्या फळांवर. माझ्या बागेत गेल्या साली होता त्याहून भारी. साळूबाई झाडाझाडाशी जाऊन पानं हातानं पुसत होती. पुसल्यानं जाईल असं तिला वाटत होतं.

मी जवळ जाऊन पाहिलं. सगळ्यांत जुने, सगळ्यांत मोठे फोड कुठले, ते मला एका नजरेत कळलं. चार-चार. चौकोनात. तिथूनच पावसाच्या थेंबांबरोबर खाली ओघळत गेलेत, फांदी-फांदी, पान-पान.

"भावजी, काय झालं हो हे?" ती म्हणाली.

"बघतो," म्हणालो. चार ठिपक्यांचं एक पान तोडलं आणि खिशात टाकलं. मग दुसरं तोडलं. रोगट पानं काढतो म्हणून संध्याकाळपर्यंत तिच्या बागेतून तेवढीच पानं वेचून काढली आणि घरी चुलीत घातली. जाळायला शेतकीच्या साहेबानंच सांगितलं होतं ना.

लिहिताना हाताला लिंबाच्या पानांचा वास येतोय.

२६ जुलै

आज साळूबाईच्या ओट्यावर चार माणसं जमली. मलाही बोलावलं. मानानं बोलावलं, घोंगडी अंथरली, चहा दिला.

पुंजाराम बोलला. त्याच्या आज्याचा पानमळा होता. पानमळ्यात विटाळ चालत नाही, वेल एका रात्रीत काळा पडतो, हे त्यानं लहानपणापासून ऐकलेलं. म्हणाला, "डॉक्टरची लस धरली होती, म्या डोळ्यांनं पाह्यली. एवढी चांगली धरलेली लस बिघडंल कशी? त्याच दिशी तुझी सून बागंत फिरून राह्यली होती, साळूबाई. ती बाहेर होती ना तवा?"

साळूबाईचा चेहरा उतरला. तिनं आत हाक मारली. नंदा दाराशी येऊन उभी राहिली.

"गेल्तीस का बागंत?"

"गेल्ते."

"बाहेर असून?"

"हां."

"कशाला गेल्तीस?"

नंदानं एकदा माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग जमिनीकडं पाहत राहिली. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "मी बोलावलं." दोन शब्द. मी बशीतला चहा संपवला.

"सांग की!" कडूबा ओरडला.

ती बोलली नाही. मीही नाही.

उठताना पुंजाराम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "डॉक्टर, तुमची मेहनत वाया घालवली पोरीनं."

२९ जुलै

नंदाचा बाप कारभारी बैलगाडी घेऊन आला. पंचमीला लेक माहेरी न्यायची रीत, पहिली पंचमी, म्हणून कुणाला काही विशेष वाटलं नाही. पण गाठोडं पंचमीपुरतं नव्हतं. लुगडी, आरसा, लग्नातली परात, सगळं होतं. साळूबाई दारात आली नाही. कडूबा विहिरीवर जाऊन बसला. बाप बिचारा ज्याला त्याला हात जोडत होता, मलाही जोडले.

मी वडीगोद्रीला काम आहे म्हणून निघालो. काम काहीच नव्हतं. अर्ध्या वाटेत बसून राहिलो आणि गाडी गेली असेल अशा बेतानं परतलो.

७ ऑगस्ट

तब्येतीचं कारण सांगून घराबाहेर पडत नाही. लोक चौकशीला येतात. साळूबाईनं माझ्यासाठी आल्याचा काढा पाठवला. प्यालो.

मनाशी हिशेब मांडतो की विटाळानं खरंच काही होत असेल. बत्तीस वर्षं ज्याला हसलो तेच आता खरं निघावं म्हणून मनातल्या मनात नवस बोलतो. एवढा खाली आलो.

२५ ऑगस्ट, पोळा

पंचमीला गेलेल्या सुना आल्या. नंदाला आणायला कुणी गेलं नाही.

बैलं मिरवून आल्यावर कडूबा माझ्याकडं आला. पाया पडला. म्हणाला, "काका, आई म्हणते दुसरीकडं सोयरीक बघू. पहिलीला सोडचिठ्ठी देऊन टाकू. तुमी बापाच्या ठिकाणी, तुमी काय म्हणता?"

"घाई करू नको," म्हणालो.

"घाई कशाची? झाडं गेली, आता घर जायाचं का?"

तो गेल्यावर सोनूबाई बैलांना नैवेद्य दाखवून आत आली. मी भिंतीकडं तोंड करून बसलो होतो. तिनं विचारलं, "पोटात दुखून राह्यलं का?" मी हो म्हणालो. तिनं ओवा आणून दिला.

२७ ऑगस्ट

सांगितलं. पारावर, सगळ्यांसमोर.

रात्रभर वाक्यं जुळवली होती. उभा राहिलो आणि सगळी विसरलो. एवढंच म्हणालो, "नंदाला बागेत मी बोलावलं होतं. आणि खैऱ्या तिनं आणला नाही, मी आणला. माझ्या नश्तरानं. रोगच टोचला मी."

पुंजारामचे डोळे पाणावले. "बघा," तो सगळ्यांना म्हणाला, "याला म्हणतात मोठं मन. परक्याची पोर वाचवायला स्वतःवर घेऊन राह्यले."

मी म्हणालो, खरं सांगतोय. कडूबा म्हणाला, "काका, तुमची स्वतःची झाडं त्याच लसीनं चांगली झाली. सगळ्या गावानं पाह्यली. मंग आमचीच कशी बिघडतील?"

तीच लस, तोच हात. तिथं धरली नाही आणि झाडं वाचली. इथं धरली आणि गेली.

त्यांनी माझा जयजयकार करायचाच बाकी ठेवला. आणि खरं लिहायचं तर, घरी येताना मला हलकं वाटत होतं. सांगूनही झालं आणि कुणाला पटलंही नाही. असा सौदा कुणाला मिळतो? उंबऱ्याशी आलो तेव्हा मला माझीच किळस आली.

२८ ऑगस्ट

सकाळी उठून साळूबाईच्या बागेत गेलो. पानं मी जाळली होती, पण हिरव्या काडीवरही टोचलं होतं ते घाईत विसरलो होतो. बांधाकडच्या झाडावर एक काडी सापडली. चार फोड, आता फुटून लाकडासारखे टणक झालेले, चौकोनात. बोटानं चाचपून पाहिले. ही काडी आज मोडून विहिरीत टाकली तर जगात कुणाला काही कळणार नाही, हे मला तिथंच सुचलं. सुचलं हे लिहून ठेवतो.

काडी मोडली आणि साळूबाईच्या ओट्यावर गेलो. पुंजाराम तिथं तंबाखू मळत बसला होता, ते बरंच झालं. काडी साळूबाईच्या हातात दिली.

"काय हे?"

"मोज."

तिनं मोजले. मग मी म्हणालो, "आता पदर बाजूला कर आणि तुझा दंड बघ."

ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. मग तिनं डाव्या दंडावरचा पदर सारला. गोंदणाच्या वर चार वण, चौकोनात. तिचं लग्न होऊन आल्यावर साथीच्या साली मीच काढलेल्या. तिनं काडी दंडाला लावली. एक वण, एक फोड. दुसरा वण, दुसरा फोड. पुंजारामनं बंडीची बाही वर केली, पाहिली आणि खाली केली.

"बागेत टोचलेली सगळी पानं अशीच होती," मी म्हणालो. "मी ती तोडून जाळली. तुमच्या देखत तोडली."

साळूबाईनं शिव्या द्याव्यात म्हणून मी थांबलो होतो.

"भावजी," ती शेवटी म्हणाली, "झाडाचं जाऊ द्या. झाडाचं चुकलं असंल. पण एवढे दिस तुमी माझ्या ओट्यावर बसून चहा पिऊन राह्यले."

मग ती उठली आणि कडूबाला हाक मारत आत गेली. मला जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही.

३१ ऑगस्ट

कडूबाबरोबर जाफराबादला जाऊन आलो. अंबडहून मोटारीनं जालना, तिथून दुसरी मोटार, पुढं पायी. वाटेत पोरगा माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. त्याचं बरोबर होतं.

कारभारीच्या अंगणात मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ह्या खेपेला वाक्यं जुळवली नव्हती. बाप डोक्याला हात लावून खाली बसला. नंदानं आतून तांब्याभर पाणी आणून माझ्यापुढं धरलं.

"पोरी," मी म्हणालो, "त्या दिवशी ओट्यावर तू का बोलली नाहीस? मी बोलावलं होतं एवढं सांगितलं असतंस तर?"

"तुमी बसला होते ना तिथं," ती म्हणाली.

मला वाटलं एवढंच बोलेल. पण ती थोडं थांबून पुढं म्हणाली, "शाणी झाल्यापासून त्या दिसांत मला कुणी 'ये' म्हणलं न्हवतं, काका. सगळे 'सरक'च म्हणतात. तुमी म्हणले, काही होत न्हाई. मला लई बरं वाटलं होतं. मंग म्हणलं, मी नाव घेतलं तर तुमीच म्हणताल की म्या बोलावलं न्हवतं. ते ऐकायचं न्हवतं मला."

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला.

कडूबा दारावरच्या चौकटीकडं पाहत म्हणाला, "आईनं बोलावलंय. चल."

ती त्याच्याकडं न पाहता मला म्हणाली, "झाडं जगतील का?"

"छाटावी लागतील. जाळावं लागेल. मोरचूद-चुना मारत राहावं लागेल. दोन सालं फळ नाही."

"मंग माणूस लागंल," म्हणाली आणि गाठोडं बांधायला आत गेली.

१ सप्टेंबर

आज साळूबाईच्या बागेत छाटणी सुरू झाली. मी कुऱ्हाड घेऊन गेलो. कुणी ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. जळणाचा ढीग नंदा रचत होती, मी फांद्या ओढत राहिलो. पुंजारामनं बांधावरून राम राम केला नाही. ह्या खेपेला त्यानं मला पाहिलं होतं.

घरी आल्यावर सोनूबाईनं गरम पाणी दिलं. काट्यांनी हात फाटले होते, तिनं हळद भरली. भरता भरता खाली मान घालून म्हणाली, "सगळं गाव खरं बोलून राह्यलंय तर मीबी सांगते. पहिलं मडकं कोमट न्हवतं झालं."

"मग?"

"उकळलं होतं. म्या घुगऱ्याचं समजून चुलीवर ठिवलं. खदखदून उतू गेलं, तवा झाकण काढलं तर पाला. मंग काठ पुसला, उतरून ठिवलं."

मला ती काठावरची फेसाची रेघ आठवली. ती मी पाहिली होती. लिहूनही ठेवली होती.

म्हणजे माझ्या सहा झाडांना मी मेलेली लस टोचली होती, आणि ती झाडं उभी राहिली. साळूबाईच्या बागेला जिवंत टोचली. आयुष्यभर मेलेल्या लसीला पाणी समजून ओतत आलो. लेकरांपुरता तो कायदा खरा. झाडाला मेलेला रोगच ओळख पटवायला पुरत असेल काय? मला माहीत नाही. कळायची वेळ एप्रिलमध्येच आली होती. "उकळलं" एवढा एक शब्द मला त्या दिवशी मिळाला असता तर साळूबाईचं मडकंही मी चुलीवर ठेवलं असतं.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं. आवाज चढू नये म्हणून सांभाळून विचारलं.

"भ्याले."

"कशाला?"

तिनं माझा हात सोडला आणि हळदीची वाटी उचलली.

"तुमाला," म्हणाली.

उद्या उरलेल्या झाडांसाठी फोड खरवडायचे. माझ्याच झाडांसाठी, दुसऱ्या कुणाच्या नाही. मडकं तिच्या हातात द्यायचं. किती खदखदू द्यायचं ते तिला ठाऊक आहे, आणि ते तिला नीट विचारायचं मला अजून शिकायचं आहे.